ब्रदर्सपैकी एक

शहाद्यात एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ऑइल इंजिनं आणि पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे पत्र्याचं छप्पर, मागे एक अंधारी खोली आणि दोन्हींच्या मध्ये मी. सुरतेला एका कारखान्यात काही वर्षं हात काळे करून मी हे काम शिकलो होतो. इकडे तापीकाठच्या गावांत केळी आणि ऊस वाढत होता, विहिरीविहिरीवर इंजिनं बसत होती. इंजिन बसलं की ते बिघडणारच, एवढा विचार करून मी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस परत आलो आणि दुकान उघडलं.

दुकानाला बोर्ड हवा म्हणून मी पेंटरकडे गेलो. हा पेंटर एरवी सिनेमाचे फलक रंगवायचा. त्याच्या हातून कुठलीही नटी सुटली की ती त्याच्या बायकोसारखी दिसायची, पण अक्षर मात्र दाणेदार होतं. मी त्याला म्हटलं, आपल्या नदीचं नाव लिही आणि खाली इंजिन रिपेअरिंग. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला.

"नुसतं नाव लिखं ते लोके काय म्हनतीन? एकटा मानूस शे, आज शे, सकाय नही. पुढे 'ब्रदर्स' लिख. वजन येस."

"पन मले भाऊच नही."

"मन्हाजोडे कोनती डिग्री शे? तरी मन्हा दुकानवर 'आर्टिस्ट' लिखेल शे ना?"

मी 'ब्रदर्स' लिहायला सांगितलं. तो अक्षरागणिक पैसे घेतो हे मला बोर्ड टांगून झाल्यावर कळलं.

अशा रीतीने, आईबापांना जे जमलं नव्हतं ते पेंटरने एका दुपारी करून दाखवलं. मला भाऊ झाला. सुरुवातीला गिऱ्हाइकं विचारायची, "दुसरा कोन शे?" मी हसून वेळ मारून न्यायचो. मग एका शेतकऱ्याचं इंजिन ठरल्या दिवशी तयार झालं नाही. ऊस वाळत होता, तो चिडून आला होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊकडे दिलं होतं हो. तो सुरतेला गेलाय पार्ट आणायला." शेतकरी एकदम शांत झाला. समोरच्या माणसावर ओरडता येतं, सुरतेला गेलेल्या माणसावर कसं ओरडणार?

त्यानंतर माझ्या भावाने फार कष्ट उपसले. वॉशर चुकीचा बसला तर तो त्याने बसवलेला असायचा. उधारी मागायची वेळ आली की भाऊ कडक स्वभावाचा असायचा आणि मी मऊ. त्याची तब्येत अधूनमधून बिघडायची, विशेषतः केळीला पाण्याची घाई असताना. काही वर्षांत त्याची अशी काही ख्याती झाली की एक केळीवाले गुजर शेतकरी, ज्यांना आम्ही सगळे दाजी म्हणायचो, मला येऊन म्हणाले, "तुन्हा भाऊनी भेट व्हयनी मन्ही. खापरना बजारमा. चांगला मानूस शे, तुन्हापेक्षा सरळ."

मी घरी नमस्कार सांगतो म्हणालो.

हे सगळं रोखीच्या व्यवहारात सुखाने चाललं असतं. पण साठच्या दशकात सरकारने खेड्यापाड्यांत पाण्याच्या योजना काढल्या, त्यांच्यावर इंजिनं आली, ती नियमाप्रमाणे बिघडली, आणि एका सरकारी कचेरीने त्यांच्या दुरुस्तीचं काम मला दिलं. काम मी पंधरवड्यात उरकलं. पैसे यायला त्याहून पुष्कळ अधिक काळ गेला, आणि आले ते चेकच्या रूपाने. कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारलेल्या. नावाच्या जागी, टाइप केलेलं, आमच्या नदीचं नाव आणि पुढे 'ब्रदर्स'.

बँकेत मी त्यापूर्वी कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी धुतलेला सदरा घातला, नखांतलं ग्रीस रॉकेलने काढलं आणि तोंडात शाळेतली मराठी तयार ठेवली. काउंटरवरचे कारकून पुण्याकडचे होते. बदली होऊन आमच्याकडे आले होते आणि त्यात आमचाच काहीतरी अपराध आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कायम असायचं.

चेक त्यांनी दोन बोटांनी धरला. "हे ब्रदर्स कोण?"

"मी."

"तुम्ही एकटे?"

"हो."

"ब्रदर्स हे अनेकवचन आहे."

मी म्हटलं, साहेब, बोर्डावर तसं आहे, पण धंदा माझा एकट्याचा आहे. त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं, की या नावाचं खातं उघडल्याशिवाय हा चेक वटणार नाही. खातं उघडायचं तर एक तर भागीदारीचा करार आणा आणि सगळ्या भावांना सहीला आणा, नाहीतर भाऊ नाहीत याचा पुरावा आणा.

"भाऊ नाही याचा पुरावा कसा असतो, साहेब?"

"ते तुम्ही बघायचं," असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हात केला.

मी बघायला निघालो. प्रथम नगरपालिका. तिथे दुकानाची नोंद होती, दरवर्षी पैसे भरून घेतलेली, आणि तीत मालक म्हणून माझंच नाव होतं. ते घेऊन मी विजयी वीरासारखा बँकेत परतलो. कारकुनांनी ते उलटसुलट वाचलं आणि म्हणाले, "यात मालक लिहिलंय. एकमेव मालक लिहिलेलं नाही." पुन्हा नगरपालिका. तिथल्या भाऊसाहेबांनी पान थुंकून सांगितलं की जे आहे त्याचा दाखला आम्ही देतो, जे नाही त्याचा दाखला द्यायला बसलो तर गावातली कुठली कुठली गोष्ट नाही ते लिहिता लिहिता जन्म जाईल. हे त्यांचं म्हणणं मला पटलं, हीच अडचण होती.

मग गावी तलाठ्याकडे. वडील वारले होते, तेव्हा वारसनोंदीत मी एकटाच मुलगा म्हणून असेन अशी माझी आशा. तलाठी म्हणाले, "तुन्हा बापनी मराना आगोदरच वावर इकी टाकं. वावर नही ते वारस कसाना?" वडिलांनी मरण्यापूर्वी शेत विकून टाकलं यात त्यांचा काही हेतू असेल तो असो, पण आपण मुलाला एकुलता एक असल्याच्या पुराव्यापासून वंचित करतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

इकडे बँक स्वस्थ बसली नव्हती. चौकशी नियमाप्रमाणे व्हायला हवी म्हणून कारकुनांनी आपला शिपाई माझ्या गल्लीत पाठवला. शिपाई कर्तव्यदक्ष होता. त्याने चहावाल्याला विचारलं, शेजारच्या सायकलवाल्याला विचारलं, आणि नेमके तेव्हा केळीचा ट्रक भरायला आलेले दाजी भेटले तर त्यांनाही विचारलं. मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कारकुनांच्या चेहऱ्यावर प्रथमच आनंद दिसला.

"तुमचे बंधू सुरतला असतात म्हणे."

मी विचारलं, कोण म्हणालं?

"तब्येतीने जरा नाजूक आहेत. स्वभावाने कडक. खापरच्या बाजारात त्यांना पाहिलेले साक्षीदार आहेत." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बंधूंचा हिस्सा बुडवायचा विचार होता वाटतं?"

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. भाऊ मीच तयार केला, कामाला उशीर झाला की सांगायला एक माणूस हवा म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही गिऱ्हाइकांशी खोटं बोलत होतात, आणि आज आमच्याशी खरं बोलताय, असं आम्ही समजायचं?"

कायद्याच्या दृष्टीने बिनतोड प्रश्न होता. मी मॅनेजरसाहेबांना भेटायची परवानगी मागितली. मॅनेजर वयस्क होते, खानदेशातलेच, आणि दुपारच्या त्या वेळी त्यांना आमच्या बंधुप्रेमात फारसा रस नव्हता. तरी त्यांनी ऐकलं. ऐकताना एकदोनदा तोंडावर रुमाल धरला, तो घाम पुसायला की हसू दाबायला ते कळलं नाही. शेवटी म्हणाले, "आई आहेत ना तुमच्या? त्यांना घेऊन या. दोन शब्द विचारतो, म्हणजे आमच्या साहेबांचंही समाधान होईल."

आमच्या साहेबांचं म्हणजे कारकुनांचं. त्या बँकेत कोण कोणाला भीत होतं हे मला तेव्हा समजलं.

आई गावी चुलत्यांच्या आसऱ्याने राहायची. मी तिला आणायला गेलो तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. बँक म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं, तिथे माणसं पैसे ठेवतात आणि मग ते मागायला घाबरतात. पण तिथे तिचं काय काम, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना.

"तुन्हा भाऊ नही हाई सांगाले मी जाऊ?" तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मग ती आत जाऊन सणाचं लुगडं नेसून आली. एस.टी.त खिडकीजवळ बसली आणि शहाद्यापर्यंत बाहेर बघत राहिली. तिला गाडी लागते म्हणून गप्प आहे असं मी समजलो.

मॅनेजरांनी तिला खुर्ची दिली. ती टोकावर बसली. कारकून कागद घेऊन शेजारी उभे राहिले, जबानी लिहून घ्यायला. चहा मागवला गेला. मॅनेजरांनी आमच्याच बोलीत, आवाज खाली घेऊन विचारलं, "माय, तुम्हले पोऱ्या कितला?"

मी निर्धास्त होतो. इतके दिवस हिंडून शेवटी हा प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला होता, आणि उत्तर एका शब्दाचं होतं.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन."

कारकुनांची लेखणी कागदावर टेकली. मी म्हटलं, "माय, काय सांगी ऱ्हायनी तू?" मला वाटलं ती घाबरली, किंवा त्या बोर्डाचं तिच्याही कानावर गेलं आणि माझी अब्रू राखायला ती खोटं बोलतेय.

"एक हाऊ," ती माझ्याकडे हात करून मॅनेजरांना म्हणाली. "एक याना पहिलेना. तो गया."

खोलीत पंखा फिरत होता. मॅनेजरांनी कितवा, कधी, काहीच विचारलं नाही. आईच सांगत गेली. अगदी लहान होता. रांगायचा, धरून उभा राहायला लागला होता. ताप आला. नदीला पूर होता, नाव बंद होती. पलीकडे डॉक्टर होता, तो दिसतही होता म्हणे, म्हणजे त्याच्या गावातलं देऊळ दिसत होतं. "दोन दिन वाट देखी," ती म्हणाली. "मंग पानी उतरनं. पन तवपावत..." आणि तिने हात उघडून दाखवला, रिकामा.

कारकुनांनी सवयीने तोंड उघडलं. "मृत्यूचा दाख..." असं ते म्हणाले आणि तिथेच थांबले. पुढचं अक्षर त्यांनी गिळलं. मग ते बराच वेळ लेखणीचं निब तपासत राहिले. त्या माणसाबद्दल मी गल्लीत पुष्कळ वाईट बोललो आहे, पण ते अक्षर त्यांनी गिळलं हेही सांगायला हवं.

चहा आला. आईने बशीत ओतून घेतला. इतकी वर्षं मी एका भावाला सुरतेला पाठवत होतो, त्याला आजारी पाडत होतो, त्याच्यावर कामं ढकलत होतो, आणि ती गावात बसून हे कोणाकोणाकडून ऐकत असणार. एकदाही मला काही म्हणाली नव्हती.

मॅनेजर कारकुनांकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलले. मग मला म्हणाले, "हे बघा, तालुक्याच्या कोर्टात जा, स्टँप पेपरवर लिहून द्या की या नावाने धंदा करणारा मी एकटाच आहे, बरंवाईट झालं तर जबाबदार मीच. आपल्या बँकेतल्या दोन खातेदारांच्या सह्या आणा ओळखीला. झालं काम."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

"मग हे पहिल्याच दिवशी..."

"पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याकडे आला नव्हतात," मॅनेजर म्हणाले. कारकून खिडकीबाहेर बघत होते. बाहेर त्यांना बघण्यासारखा एक बैल होता.

बाकीचं पुढच्या आठवड्यात पार पडलं. स्टँप पेपरवर वकिलाच्या माणसाने इतकी 'सबब' आणि 'येणेप्रमाणे' घातली की माझा एकटेपणा एकदम भारदस्त दिसायला लागला. खातेदार म्हणून एक सही कापडवाल्या शेठनी न वाचता केली. दुसऱ्या सहीसाठी माझ्या ओळखीत बँकेत खातं असलेले दाजीच निघाले. त्यांनी तो कागद तीनदा वाचला.

"म्हंजे तुले भाऊ नही?"

"नही, दाजी."

"मंग खापरना बजारमा मी कोनले भेटनू?"

"मले काय ठाऊक, दाजी."

"त्यानी मन्हा संगे चहा पिदा. पैसा त्यानीच दिधा." ते फार दुखावलेले दिसले. शेवटी सही केली, पण बँकेला जे हवं ते आपण लिहून देत आहोत, आपला विश्वास आपल्याजवळ, असं मला बजावून. अखेर खातं उघडलं. पासबुकावर दुकानाचं नाव, खाली कंसात माझं आणि त्यापुढे 'एकमेव मालक' असं कारकुनांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं. चेक वटला. त्यांनी मला खातेदार म्हणून पहिल्यांदाच "या, बसा" म्हटलं. बसायला तिथे काही नव्हतं, पण भावना पोचली.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मात्र आम्ही बँकेतून निघालो आणि स्टँडवर येऊन बाकावर बसलो. गावची गाडी लागायला वेळ होता. मी आईला भजी आणून दिली, ती तिने पदरात धरून ठेवली, खाल्ली नाहीत.

"मले कधी सांगं नही तू," मी म्हटलं.

"तुन्ही आजी म्हने, गयेल पोऱ्यानं नाव जित्ता पोऱ्यापुढे काढानं नही. नजर लागस." थोडा वेळ ती म्हसावदच्या गाडीत चढणारी माणसं बघत राहिली. "मंग तुन्ही आजी गयी. तुन्हा बाप गया. मंग सांगीसन काय करती? तू मोठा व्हयी गया व्हता."

"आनि मी तो बोर्ड लाया तवय?"

"तवय तुन्हा काकानी सांगं मले, पोऱ्यानी भाऊना नावनं दुकान टाकं." ती माझ्याकडे बघून किंचित हसली. "मी म्हनू, याले कसं समजनं?"

पेंटरने वजन यावं म्हणून लिहिलं, हे तिला सांगायचं मी टाळलं.

मग तिने आपण होऊन त्याचं नाव सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. तो माझ्यासारखा नव्हता म्हणाली, गोरा होता आणि फार हसायचा, म्हशीने शेपूट हलवली तरी हसायचा. माझ्यासारखा किरकिऱ्या नव्हता. हे तिने मला अगदी सहज सांगितलं, जणू आम्ही दोघे तिच्यासमोर बसलो होतो आणि तिला आता कोणाची भीड वाटत नव्हती.

गावची गाडी लागली. कंडक्टरने दोनदा हाक मारली. आई उठली नाही. "जावू दे," ती म्हणाली, "दुसरी येई," आणि त्याला पहिला दात आला तेव्हा काय झालं होतं ते सांगायला लागली.